कायोटीच्या नाकाला फसवायचं कसं?

दोस्तांनो, रोड रनरचं कार्टून तुम्ही पाहिलंय ना? वाळवंटातल्या रस्त्यावरून धुरळा उडवत सुसाट पळणारा तो लांब मानेचा पक्षी, आणि त्याला पकडण्यासाठी जंग जंग पछाडणारा एक हडकुळा, लांब नाकाचा प्राणी! हा प्राणी दर वेळी पार्सलनं नवं यंत्र मागवतो, मोठ्या हौसेनं सापळा रचतो आणि शेवटी स्वतःच त्यात अडकतो, नाही तर कड्यावरून थेट खाली. चक जोन्स या अमेरिकन दिग्दर्शकानं १९४९ साली ही जोडी पहिल्यांदा पडद्यावर आणली. त्यातला तो बिचारा, सदा हरणारा प्राणी म्हणजे कायोटी.

आता गंमत ऐका. खराखुरा कायोटी तासाला ६० ते ६५ किलोमीटर वेगानं पळू शकतो. खराखुरा रोड रनर पळतो त्याच्या निम्म्या वेगानं. म्हणजे शर्यत लागलीच तर दोन मिनिटांत निकाल! पण दुसरी गंमत याहून मोठी आहे. यंत्रं मागवणारा, सापळे रचणारा आणि पुन्हा पुन्हा तोंडावर आपटणारा प्रत्यक्षात कायोटी नसतोच. तो असतो माणूस.

कायोटी हा उत्तर अमेरिकेतला, कुत्र्याच्या कुळातला प्राणी. आपल्या कोल्ह्याचा चुलतभाऊच म्हणा ना! दिसायला साधारण तसाच, पण अंगानं थोडा थोराड. वजन ९ ते १६ किलोच्या दरम्यान, आणि अमेरिकेच्या पूर्व भागात त्याहूनही जास्त. मेक्सिकोतल्या नावाट्ल भाषेत त्याला ‘कोयोट्ल’ म्हणतात, त्यावरून त्याचं आजचं नाव आलं. शास्त्रज्ञांनी १८२३ साली त्याला ‘कॅनिस लॅट्रान्स’ हे नाव दिलं. त्याचा अर्थ भुंकणारा कुत्रा. पंचतंत्रात आपल्याला जसा लबाड कोल्हा भेटतो, तसा तिकडच्या नवाहो आणि इतर मूळ अमेरिकन लोकांच्या कथांत कायोटी भेटतो. कधी सगळ्यांना फसवणारा, तर कधी स्वतःच फसणारा.

खाण्यापिण्याची त्याची काही कटकट नसते. उंदीर, ससे, टोळ, रानातली फळं, मेलेली जनावरं, शेतातलं कलिंगड, जे मिळेल ते चालतं. आणि कधी कधी मेंढीचं कोकरू. सगळं रामायण इथूनच सुरू होतं.

अमेरिकेच्या पश्चिमेकडे मैलोन्‌मैल कुरणं आहेत आणि त्यांवर मेंढ्यांचे मोठमोठे कळप चरतात. मेंढपाळाच्या घरचं सगळं गणित वसंतात जन्मणाऱ्या कोकरांवर बसवलेलं असतं. एका पहाटे पाच-सहा कोकरं मरून पडलेली दिसली, की त्याच्या पोटात गोळा येतो. ते आपल्याकडच्या धनगरालाही सांगावं लागणार नाही! तेव्हा मेंढपाळाचा राग खोटा नव्हता. पण त्या रागापायी जे झालं, ते भलतंच झालं.

१९१५ पासून अमेरिकन सरकारनं लांडगे आणि कायोटी मारण्यासाठी खर्च करायला सुरुवात केली, पगारी शिकारी नेमले. बंदुका आल्या, सापळे आले, मांसात कालवलेलं विष आलं. लांडगे या माऱ्यात टिकले नाहीत. यलोस्टोनच्या प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यानातले शेवटचे लांडगे १९२६ साली मारले गेले. विषाचा कहर इतका झाला, की १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर असं विष टाकण्यावर बंदी घातली. सापळे आणि बंदुका मात्र चालूच राहिल्या. अलीकडच्या वर्षांतही अमेरिकेचं एक सरकारी खातं एकट्यानं वर्षाला ६० हजारांच्या आसपास कायोटी मारत आलं आहे.

मग कायोटी संपले असतील, नाही का? छे! उलट पसरले. एके काळी ते मुख्यतः पश्चिमेच्या आणि मधल्या माळरानांवर राहत. आज हवाई बेटं सोडली तर अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात कायोटी आहेत, आणि दक्षिणेकडे तर ते पार पनामापर्यंत पोचले आहेत. १९९९ साली न्यूयॉर्कच्या भर वस्तीतल्या सेंट्रल पार्कमध्ये एक पकडला गेला. २००७ साली शिकागोत एक कायोटी उघड्या दारातून सँडविचच्या दुकानात शिरला आणि थंड पेयांच्या कपाटात जाऊन आरामात बसला. गिऱ्हाइकांची काय गाळण उडाली असेल!

याचं एक कारण म्हणजे त्यांना दाबात ठेवणारे लांडगेच नाहीसे झाले. दुसरं कारण कायोटीच्या कुटुंबातच आहे. एका टोळीत एक नर, एक मादी आणि त्यांची मुलं असतात. साधारणपणे फक्त आईच पिल्लं देते. पण टोळी फुटली, वाटणीला खाणं जास्त आलं, की धाकट्या माद्याही पिल्लं देऊ लागतात आणि जास्त पिल्लं जगतात. १९७५ साली कॅलिफोर्नियाच्या दोन संशोधकांनी याचं चक्क गणित मांडलं. दरवर्षी शंभरांतले पंचाहत्तर कायोटी मारत राहिलं, तरी त्यांना संपवायला पन्नासहून जास्त वर्षं लागतील, असं उत्तर आलं!

म्हणजे नुसते ढीगभर कायोटी मारून उपयोग नाही, हे उघड आहे. कोकरू मारणारा नेमका जो असेल तोच सापडला, तर मेंढपाळाला काही फायदा. आणि इथेच सापळ्याची खरी परीक्षा लागते.

दात नसलेला जबडा

सापळा म्हटलं की चित्रातले ते करवतीसारखे दात आठवतात. तसे सापळे पूर्वी खरंच होते. न्यूयॉर्क राज्यात सिवेल न्यूहाउस नावाचा एक कारागीर होता. एकोणिसाव्या शतकात त्याचे पोलादी सापळे इतके गाजले, की ओनायडा नावाच्या वसाहतीनं त्यांचा कारखानाच काढला. (या वसाहतीनं पुढे काटे-चमचे बनवले आणि त्यातही नाव कमावलं. कुठे सापळे आणि कुठे चमचे!)

रचना साधी असते. दोन अर्धगोल लोखंडी जबडे, त्यांना मिटवणारी स्प्रिंग, आणि मधोमध एक छोटी तबकडी. जबडे उघडून अडकवून ठेवायचे. तबकडीवर पाय पडला की अडकण सुटते आणि जबडे मिटतात. त्यात पाय धरला जातो, प्राणी मरत नाही. उंदराच्या चापाशी याची तुलना करू नका. तो मानेवर बसतो आणि मारतो. हा पाय पकडून ठेवतो.

उंदीर पकडायला चाप कुठेही ठेवला तरी चालतो. कायोटीचं तसं नाही. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींच्या घरात जातात, आणि कायोटी त्याच कुळातला. तुम्ही एखाद्या दगडाला हात लावून निघून गेलात, तर त्याला ते पुष्कळ वेळानंही कळतं. लोखंडाला वास असतो, ग्रीसला असतो, बुटाच्या तळव्याला असतो, काल खाल्लेल्या कांद्याला तर असतोच असतो.

लोबोची गोष्ट

या नाकापुढे माणूस कसा हतबल होतो, त्याची एक गाजलेली हकीकत आहे. ती कायोटीची नाही, त्याच्या थोरल्या भावाची, म्हणजे लांडग्याची आहे. १८९३ साली अर्नेस्ट थॉम्प्सन सेटन हा निसर्गचित्रकार न्यू मेक्सिकोच्या करंपॉ खोऱ्यात आला. तिथे लोबो नावाच्या एका लांडग्यानं आणि त्याच्या टोळीनं गुराख्यांना सळो की पळो करून सोडलं होतं. सेटननं रक्तात भिजवलेले हातमोजे घातले, लोखंडाचा वास लागू नये म्हणून हाडाच्या सुरीनं मांस कापलं, त्यात विष दडवलं आणि घोड्यावरून ते रानात टाकलं. लोबोनं ते तुकडे एकेक करून उचलले, एका जागी नेऊन रचले आणि वरती घाण करून ठेवली!

मग सेटननं शंभराहून जास्त सापळे पुरले. लोबो पायानं हलकेच माती उकरी आणि सापळा, साखळी, ओंडका सगळं उघडं पाडून पुढे जाई. शेवटी त्याची पांढरी जोडीदारीण ब्लांका एका सापळ्यात सापडली आणि मारली गेली. तिला शोधत लोबो वेड्यासारखा फिरू लागला. सेटननं तिचं शरीर सापळ्यांवरून ओढत नेलं, तिच्याच पंजानं मातीत ठसे उमटवले. ३१ जानेवारी १८९४ रोजी लोबो सापडला. त्याचे चारही पाय चार सापळ्यांत होते. त्याला जिवंत आणून बांधलं, समोर पाणी आणि मांस ठेवलं. त्यानं तोंड लावलं नाही. सकाळी तो मेलेला होता.

सेटननं ही गोष्ट १८९८ साली पुस्तकात लिहिली, आणि पुढे आयुष्यभर त्याची लेखणी प्राण्यांच्या बाजूनं चालली. १९१० साली अमेरिकेत बालवीर चळवळ उभी करणाऱ्या मंडळींतही तो होता.

चला सापळेवाल्याबरोबर

समजा, आपण वायोमिंग राज्यातल्या एका सापळेवाल्याबरोबर निघालो आहोत. थंडीचे दिवस, पहाटेची वेळ. तुम्हाला वाटेल, हा आता गाडीतून सापळे काढील. पण तो आधी नुसता फिरतो. खाली बघत. कायोटी आपल्यासारखेच आळशी असतात बरं का! काट्याकुट्यांतून जाण्यापेक्षा ते मळलेली वाट, कोरडा ओढा, कुंपणाची कडा पसंत करतात. जिथे दोन वाटा मिळतात तिथे पंजाचे ठसे आणि विष्ठा हमखास दिसते. ती त्यांची पाटी असते : ही जागा आमची. जिथे कायोटी येतच नाही तिथे जगातला सर्वांत भारी सापळाही गंजत पडणार.

मग तो चिमूटभर वाळलेलं गवत हवेत सोडतो. वारा कुठून येतोय? वारा पश्चिमेकडून येत असेल, तर सापळा वाटेच्या पश्चिमेला, दोन-चार पावलं आत. म्हणजे आमिषाचा वास आपोआप वाटेवर येतो आणि चालता चालता कायोटीचं नाक वळतं. उलट बाजूला लावला तर वास रानात जाणार आणि कायोटी वाटेनं सरळ निघून जाणार. कळलं?

सापळे त्यानं घरी आधीच तयार केलेत. नव्या सापळ्याचं ग्रीस उकळून काढून टाकलंय. मग लॉगवूड नावाच्या झाडाच्या लाकडाबरोबर ते उकळून काळे केलेत आणि शेवटी वितळलेल्या मेणात बुडवलेत. मेणामुळे गंज चढत नाही आणि जबडेही झटकन मिटतात. हातात स्वच्छ रबरी मोजे आहेत. खाली गुडघे टेकायला एक कापड अंथरलंय, ते दुसऱ्या कशालाच वापरायचं नाही. उकरलेली मातीही तो त्याच कापडावर घेतो आणि उरलेली जाताना बरोबर नेतो. ताज्या मातीचा ढीग तिथे टाकणं म्हणजे ‘इथे कुणीतरी येऊन गेलं’ असा बोर्ड लावणं!

आता मुख्य काम. कायोटी उरलेलं खाणं पुरून ठेवतात आणि दुसऱ्यानं पुरलेलं चोरतातही. ही सवय ओळखून तो एक तिरपं बीळ करतो, मुठीएवढं रुंद आणि वीतभर खोल. तळाशी आमिषाचा लहानसा तुकडा आणि वर थोडं गवत. जणू कुणी दुसऱ्या कायोटीनंच आपला खाऊ इथे दडवलाय. बिळाच्या मागे एक गवताचा ठोंब किंवा दगड असायला हवा, नाहीतर कायोटी मागून येऊन आमिष काढून नेईल. बीळ तिरपं का? सरळ असतं तर त्याला कुठूनही डोकावता आलं असतं. तिरप्या बिळाचा तळ बघायचा तर समोरच यावं लागतं.

आणि समोर, मातीखाली, सापळा असतो. पण अगदी समोर नव्हे! तुम्ही वाकून एखाद्या भोकात बघा. नाक भोकाशी असतं, पण पाय? ते दोन बाजूंना. कायोटीचंही तसंच. म्हणून तबकडी बिळापासून २०-२५ सेंटिमीटर अलीकडे, आणि मधल्या रेषेपासून दोन-तीन बोटं बाजूला ठेवायची. एवढ्याशा फरकानं दहा रात्रींची मेहनत वाया जाते किंवा सार्थकी लागते.

सापळा जमिनीत घट्ट बसला पाहिजे, ही तर सगळ्यांत मोठी अट. तो दाबून, चारी बाजूंनी माती ठोकून पक्का करायचा. पंजाखाली जमीन किंचित जरी डुगडुगली, तरी कायोटी थबकतो, मग सावकाश उकरतो, आणि लोबोसारखा सापळा उघडा करून ठेवतो. तबकडीखाली माती शिरली तर ती खाली दबणार नाही, म्हणून तिच्यावर पातळ जाळी किंवा कापड घालतात. वर चाळणीनं चाळलेली बारीक माती, जेमतेम सेंटिमीटरभर. चाळायची कशाला? एखादा खडा जबड्यांत अडकला तर पाय निसटतो.

थंडीत आणखी एक पंचाईत. ओली माती गोठली की दगड होते आणि सापळा तिच्याखाली बंद पडतो. यावर जुने लोक मीठ घालत, पण मिठानं लोखंड गंजतं. म्हणून वाळवलेल्या बारीक मातीत गरम मेण मिसळतात. मेणानं माखलेल्या मातीत पाणी शिरत नाही, मग गोठणार काय? मला ही युक्ती फार आवडली. अगदी घरगुती बुद्धी आहे ती!

शेवटी सापळेवाला चार-दोन खडे आणि काड्या उगीच पडल्यासारख्या मांडतो. त्या उगीच नसतात. अनवाणी चालताना आपण खडे चुकवून मऊ जागी पाय टाकतो ना? कायोटीही तेच करतो. सगळ्या खड्यांमध्ये मोकळी, मऊ जागा एकच ठेवायची. कुठे, ते तुम्ही ओळखलंच असेल. मग मागच्या गवतावर कायोटीच्या मूत्राचे काही थेंब टाकायचे. थेंबच, बाटली नव्हे. वास फार झाला तर कायोटी चक्क त्यात लोळतो, कुत्री लोळतात तशी, आणि मग पायाऐवजी पाठच तबकडीवर!

घरचा भित्रा, परगावचा धीट

इतकं सगळं केलं तरी सापळ्यात कोण सापडतं? याचं उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षं लागली आणि ते चकित करणारं निघालं.

दक्षिण टेक्सासमध्ये संशोधकांनी कायोटींच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधून त्यांचे इलाखे नकाशावर काढले होते. मग कोणता कायोटी कुठे सापळ्यात येतो ते पाहिलं. १९९० साली त्यांनी लिहिलं, की कायोटी आपल्या इलाख्याच्या आत क्वचितच सापडतात. सापडतात ते कडेवर किंवा बाहेर. असं का? यूटा राज्यात मिलव्हिल इथे कायोटींचं संशोधन केंद्र आहे. तिथे कायोटींपुढे नव्या वस्तू ठेवून बघितल्या, एकदा ओळखीच्या आवारात आणि एकदा अनोळखी. ओळखीच्या जागेत नवी वस्तू दिसली की ते बिचकत. अनोळखी जागेत मात्र ते तिच्यापाशी जास्त धीटपणे जात.

विचार केला तर पटतं. तुमच्या घरात टेबलावर एक अनोळखी डबा दिसला, तर लगेच विचाराल ना, हा कुणी ठेवला? पण परगावी पाहुणे म्हणून गेलात, तर तिथे सगळेच डबे अनोळखी. एका डब्याकडे कोण लक्ष देतो!

आता याला दुसरी माहिती जोडा. कॅलिफोर्नियात हॉपलंड इथे विद्यापीठाचं मेंढ्यांचं कुरण आहे. तिथल्या अभ्यासात १९९९ साली असं दिसलं, की मेंढ्या मारतात ते मुख्यतः स्वतःचा इलाखा असलेले, पिल्लांचे आई-बाप असलेले कायोटी. म्हणजे जे आपल्या घरात सावधपणे राहतात तेच! सापळ्यात मात्र जास्त करून येतात ती हुंदडणारी तरुण पोरं, ज्यांनी बहुधा मेंढीला दातही लावलेला नसतो. गुन्हा एकाचा आणि शिक्षा भलत्याला. शिवाय त्या रिकाम्या जागी उद्या नवी पोरं येणारच. मेंढपाळाच्या कोकरांचा प्रश्न आहे तिथेच राहिला.

म्हणून चांगला सापळेवाला इलाख्यांच्या कडा शोधतो आणि नुकसान करणाऱ्या जोडीची वाट ओळखतो. गुडघ्याखालचं कापड, रबरी मोजे, मेण, चाळलेली माती, हा सगळा खटाटोप त्या दोन सावध म्हाताऱ्यांसाठी असतो. पोरं तर गबाळ्या सापळ्यातही सापडतात.

आणि कायोटीच्या सापळ्यात फक्त कायोटीच येतो असं थोडंच आहे? रॅकून येतो, स्कंक येतो, इवलासा स्विफ्ट फॉक्स येतो, मेंढपाळाचा स्वतःचा कुत्राही येतो. आमिष उघड्यावर ठेवलं तर आकाशातून गरुड उतरतो; ते बिळात दडवण्याचं हेही एक मोठं कारण आहे. तबकडीचा ताण वाढवून ठेवला, म्हणजे दीड-दोन किलोचा दाब पडल्याशिवाय ती सुटायची नाही असं केलं, तर हलके प्राणी बहुतेक वेळा वरून चालत निघून जातात. १९८० च्या दशकात जबड्यांना रबराच्या पट्ट्या आल्या. साखळीला फिरती कडी आणि स्प्रिंग लावली की धडपडताना पायाला हिसका बसत नाही. बऱ्याच राज्यांत सापळा रोज तपासण्याची सक्ती आहे, पण काही राज्यांत त्याहून जास्त दिवसांची मुदत मिळते. थंडीत, उपाशी, पाय अडकून दोन-तीन दिवस! अशी मुदत देणाऱ्या कायद्याचं मला काही कौतुक वाटत नाही.

पुष्कळांना हे सगळंच नको वाटतं. इंग्लंडमध्ये दातांचे सापळे १९५८ साली बंद झाले. युरोपीय संघानं १९९५ पासून पाय पकडणारे सापळे वापरायला बंदी केली. कोलोरॅडोच्या मतदारांनी १९९६ मध्ये आणि कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९८ मध्ये कौल देऊन त्यांच्यावर कडक बंधनं आणली. आपल्या देशात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानटी प्राण्यासाठी सापळा किंवा फासा लावणं ही शिकारच धरली जाते. तेव्हा वरचं वर्णन वाचून कुणी मामाच्या शेतात बीळ खणायला जाऊ नका!

मेंढपाळांना दुसराही मार्ग सापडला आहे, आणि तो फार जुना आहे. राखणीचा कुत्रा. १९७० च्या दशकापासून अमेरिकेत युरोप आणि तुर्कस्तानातून आणलेल्या मोठ्या कुत्र्यांवर प्रयोग झाले. फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवरच्या पिरेनीज पर्वतातला पांढराशुभ्र कुत्रा त्यात विशेष आवडता ठरला. हा कुत्रा मेंढ्या वळत नाही. दोन महिन्यांचं पिल्लू असतानाच त्याला कोकरांत सोडतात. त्यांच्यातच तो झोपतो, खातो, वाढतो, आणि मेंढ्यांनाच आपलं कुटुंब समजू लागतो. रात्री कायोटी आला, की हा भुंकत मधे उभा राहतो. भांडण करून जखमी होणं कायोटीला परवडत नाही. तो उंदीर शोधायला निघून जातो. धनगरांच्या वाड्याबरोबर चालणारी आपली कुत्री पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली आहेत.

शिकागोतला पट्टेवाला

आता शेवटी अशा सापळ्यांबद्दल सांगतो, ज्यांतून कायोटी जिवंत परत जातात. शिकागो शहर आणि त्याच्या आसपास सन २००० पासून प्राध्यापक स्टॅन गेर्ट आणि त्यांचे सहकारी कायोटींचा अभ्यास करत आहेत. रबर लावलेले सापळे आणि गळा न आवळणारे तारेचे फास वापरून त्यांनी आजवर हजाराहून जास्त कायोटी पकडले. पकडलेल्याला गुंगीचं औषध देतात, वजन करतात, रक्ताचा नमुना घेतात, कानात नंबराचा बिल्ला आणि गळ्यात पट्टा घालतात, आणि जिथे पकडला तिथेच सोडतात. आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर लांडग्यांना असेच पट्टे घालून त्यांचा अभ्यास झाला आहे.

या पट्ट्यांनी काय काय सांगितलं! गजबजलेल्या शहरात शेकडो कायोटी राहतात आणि बहुतेक माणसांना त्यांचा पत्ताही नसतो. दिवसा ते झुडपात, रेल्वेच्या कडेला, स्मशानभूमीत पडून राहतात आणि रात्री हिंडतात. पोट भरतात ते मुख्यतः उंदीर, ससे यांच्यावर. त्यांचा सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे मोटारगाड्या. आणि रक्ताच्या तपासणीतून २०१२ साली कळलं, की अभ्यासलेल्या १८ वेळच्या पिल्लांत एकदाही बाप बदललेला नव्हता. जोडी एकदा जमली की मरेपर्यंत टिकते.

फक्त एक अडचण आहे. पट्ट्यातली बॅटरी काही वर्षांनी संपते. मग त्याच कायोटीला पुन्हा पकडायला हवं. पहिल्यांदा तो सापडला तेव्हा सापळा काय असतो हे त्याला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक असतं. संशोधकांची गाडी, बुटांचा वास, उकरलेली माती, सगळं त्याच्या नाकात बसलेलं असतं. तेव्हा ते नवे हातमोजे काढतात, कापड झटकतात, आणि वारा कुठून येतोय ते पुन्हा पहिल्यापासून बघायला लागतात.